वाकस आणि आराखडा

कोरगावातून समुद्र दिसत नाही, पण भरती कळते. कमळेश्वराच्या या गावातल्या खाजन शेतांच्या कडेने बांध जातो, बांधात मानस असते आणि मानशीचं लाकडी दार भरतीच्या जोराने आपोआप मिटतं, ओहोटीला पुन्हा उघडतं. दाराचं माप थोडं चुकलं, कडेला फट राहिली, की खारं पाणी आत शिरतं आणि हंगाम हातचा जातो. जुन्या काळी असं दार घडवणाऱ्या सुताराने कागदावर रेघ ओढली असण्याची शक्यता कमीच. माप त्याच्या हातात असे. त्याला ते बापाने दाखवलेलं, बापाला आजाने.

पाण्याशी झुंजणारं लाकूड घडवण्याची विद्या जगभर अशीच घरातून घरात चालत आली. काही घराण्यांत ती पुढे कागदावर उतरली. आराखडे झाले, आराखड्यांवर सह्या झाल्या, सह्यांमुळे घराण्यांना नावं मिळाली. काही घराण्यांत ती वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, पात्यावरच राहिली आणि वाकस गंजला तशी पुसली गेली. गोवा आणि मुंबई यांच्यामधल्या किनाऱ्यावर या दोन्ही जातींची घराणी नांदली. दोन्ही विद्या एकाच घरात दीडशे वर्षं एकत्र राहिल्या, असं उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे.

कोरगावहून पालये ओलांडून केरीला उतरलं, की समोर तेरेखोलची नदी समुद्राला मिळते. फेरीबोट पलीकडे नेते. टेकडीवरचा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेमसावंतांनी बांधला. नदीच्या मुखावर आणि गलबतांच्या ये-जा करण्यावर नजर राहावी, हा हेतू. १७४६ मध्ये आलोर्नाच्या मार्कीसने तो पोर्तुगिजांसाठी जिंकला. किल्ला बांधणाऱ्याचं नाव इतिहासात आहे, जिंकणाऱ्याचं आहे. ज्या गलबतांसाठी हा सगळा खटाटोप, ती कुणी बांधली, त्यांचा पठाण (तळाचा कणा) कुणी घातला, वाक (फासळ्या) कुणी बसवले, याचा पत्ता नाही.

हीच गोष्ट दोनशे वर्षांनी मुंबईत पुन्हा घडली. या वेळी तिचे सगळे धागे हाताशी आहेत.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मुंबईत स्वतःसाठी एक शिडाची नौका बांधून घेतली. लांबी अवघी बत्तीस फूट, लाकूड साग. कुलाब्याच्या कारखान्यातले देशी सुतार वाकसाने फळ्या तासत होते आणि दोरीने फिरणाऱ्या धनुष्यासारख्या सामत्याने भोकं पाडत होते. १९६४ च्या अखेरीस नौका पाण्यात उतरली. नाव ठेवलं ‘सुहैली’. पुढे १४ जून १९६८ रोजी हा माणूस तिच्यातून इंग्लंडमधलं फाल्मथ सोडून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, फाल्मथलाच परतला. ही एकट्याने, न थांबता करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत होती. तीत नऊ जण उतरले होते. पूर्ण केली ती एकट्या सुहैलीने.

सुहैलीच्या आराखड्याचं नाव ‘एरिक’. तो काढला विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन रेखाकाराने, १९२० च्या दशकात. त्यालाही तो शून्यातून सुचलेला नव्हता. नॉर्वेत लार्विक या गावी स्कॉटिश आईबापांच्या पोटी १८३२ मध्ये जन्मलेल्या कॉलिन आर्चरने वादळात सापडलेल्या कोळ्यांना वाचवण्यासाठी दोन्ही टोकांना निमुळत्या, बुटक्या, दणकट नौका रचल्या होत्या. ध्रुवसंशोधक नान्सेनचं जहाज ‘फ्राम’ त्याचंच. आर्चरच्या त्या नौकेचा बांधा लहान मापात बसवून अ‍ॅटकिनने एरिक तयार केली. विल्यमचा मुलगा जॉन अ‍ॅटकिन हाही नौकांचा रेखाकार झाला. पुढे जॉनच्या पत्नीने हे आराखडे सांभाळले आणि मागणाऱ्यांना पुरवले. म्हणजे नॉर्वेतला आर्चर, त्याच्यावरून अमेरिकेतलं अ‍ॅटकिन घराणं, तिथून मुंबई. रेघेची वंशावळ शंभर वर्षांची आहे आणि तिच्यातली सगळी नावं ठाऊक आहेत.

वाकसाची वंशावळ मात्र कुलाब्यातच तुटते. ज्या हातांनी सागाच्या फळ्या इतक्या घट्ट बसवल्या की पन्नास वर्षांनंतरही ती नौका तरंगत राहिली, ते हात कोणत्या गावचे होते? जगात कुठेही सुहैलीची गोष्ट सांगितली जाते तेव्हा त्या जागी ‘भारतीय सुतार’ एवढेच दोन शब्द येतात.

या शर्यतीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, तीच शर्यत जुन्या नियमांनी पुन्हा भरली: उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रं नाहीत, साधनं त्या काळातली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्यासाठी सुहैलीचीच प्रतिकृती बांधायची ठरलं आणि एरिकचा आराखडा या वेळी गोव्यात उतरला. ‘थुरैया’ नावाची ती नौका २०१७ मध्ये तयार झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर, वादळाने तिला उलथवलं, डोलकाठी मोडली, टॉमींचा पाठीचा कणा दुखावला. मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. थुरैया तिथेच सोडावी लागली. टॉमी पुन्हा चालायला शिकले, पुढच्या, २०२२ च्या शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

थुरैया बांधली गेली तो कारखाना दिवाडी बेटावर आहे. तिथे जाण्याआधी मुंबईच्या गोदीत थोडं थांबायला हवं, कारण भारतात ‘नौकारचनेचं घराणं’ हा शब्द पूर्ण अर्थाने कुणाला लावायचा झाला, तर तो वाडियांनाच.

‘वाडिया’ म्हणजेच जहाज बांधणारा. आडनावच धंद्यावरून पडलेलं. सुरतेच्या गोदीत काम करणारे लवजी नसरवानजी १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून काही सुतार बरोबर घेऊन मुंबईला आले. तिथे त्यांनी आणि त्यांच्यामागून त्यांच्या मुला-नातवंडांनी ‘मास्टर बिल्डर’ हे पद जवळजवळ दीडशे वर्षं सांभाळलं. १७५० मध्ये मुंबईत आशियातली पहिली कोरडी गोदी उभी राहिली. भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं आणि उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी करायची. कोरगावच्या मानशीचं तत्त्वही तेच. मानस पाणी बाहेर ठेवून शेत वाचवते. गोदी पाणी बाहेर ठेवून जहाज वाचवते.

लवजींनंतर माणेकजी आणि बमनजी हे मुलगे, त्यांच्यानंतर फरामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी हे नातू. जमशेटजींच्या हातून १८१० मध्ये ‘मिंडेन’ पाण्यात उतरलं. इंग्लंडच्या शाही नौदलासाठी ब्रिटनच्या बाहेर बांधलेलं हे पहिलं ७४ तोफांचं युद्धजहाज. १८१३ चं ‘कॉर्नवॉलिस’ही मुंबईचं, २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह त्याच्याच डेकवर झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. १८२४ चं ‘एशिया’ १८२७ च्या नावारिनोच्या लढाईत अ‍ॅडमिरल कॉड्रिंग्टनचं ध्वजजहाज होतं. वाडियांनी तीनशेहून अधिक जहाजं बांधली. त्यांतल्या एकाकडे आजही बोट दाखवता येतं. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. ब्रिटनच्या पाण्यावर तरंगत असलेल्या युद्धजहाजांत ते सर्वांत जुनं, आणि ते सागाचं आहे. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे लोखंडी खिळे त्यात लवकर गंजत नाहीत. ओकच्या लाकडात खिळा लाकूडही खातो आणि स्वतःही संपतो. या एका गुणासाठी लंडनच्या नौदल कचेरीला मलबारच्या जंगलांकडे पाहावं लागलं.

त्रिंकोमालीचा आराखडा मुंबईचा नव्हता. तो लंडनहून यायचा होता आणि लंडनलाही तो मुळात एका फ्रेंच जहाजावरून मिळाला होता. आराखड्याची पहिली प्रत घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या हाती पडलं आणि कागदांसकट नष्ट झालं. दुसरी प्रत पाठवावी लागली. जमशेटजींसारखा कारागीर गोदीत, सागाचा ढीग तयार, आणि काम अडलं ते कागदावर! शाही नौदलाला दर जहाज ठरलेल्या वर्गाच्या मापात हवं असे, म्हणून ही पद्धत. कंपनीची आणि व्यापाऱ्यांची जहाजं मात्र वाडिया स्वतःच्या अनुभवावर बेतत आले होते. वाडियांना नुसते ‘दुसऱ्याच्या नकाशावरून बांधणारे’ म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

घराण्याच्या इतिहासात एक गोष्ट नोंदलेली आहे. १८०० मध्ये बांधलेल्या, कॉर्नवॉलिस याच नावाच्या एका आधीच्या जहाजाची बऱ्याच वर्षांनी दुरुस्ती निघाली, तेव्हा आतल्या तुळईवर कोरलेली इंग्रजी अक्षरं सापडली: हे जहाज एका ‘डॅम्ड ब्लॅक फेलो’ने १८०० साली बांधलं. जमशेटजींनी ती तिथे कोरून ठेवली होती. ज्या शिवीने गोरे अधिकारी हिंदी माणसाला हाक मारत, तीच त्यांनी सहीसारखी लाकडात उतरवली. आराखड्यावर सही करायला मिळत नव्हती, म्हणून तुळईवर केली. या लेखातला सर्वांत मोठा माणूस कोण, असं विचारलं तर उत्तर या तुळईपाशी आहे.

पुढच्या पिढीने कागदाकडे मोर्चा वळवला. वाफेची जहाजं आली होती आणि मुंबईच्या गोदीला ती विद्या येत नव्हती. १८३८ मध्ये जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे वाडिया घराण्यातले दोन तरुण चुलतभाऊ इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या शाही गोदीत जहाजरचनेचं शास्त्रशुद्ध शिक्षण घेऊ लागले. त्यांचा पारशी पोशाख पाहायला रस्त्यात गर्दी जमे. १८४१ मध्ये त्यांच्या अडीच वर्षांच्या मुक्कामाची रोजनिशी लंडनमध्ये छापून आली. देशबांधवांनी वाचावी म्हणून ती लिहिली होती. तीत गोद्या आणि बोटी आहेतच, शिवाय त्या काळच्या इंग्लंडचं निरीक्षणही आहे. हिंदी माणसांनी आधुनिक अर्थाने नौकारचनेचं शिक्षण घेतल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी तर आणखी पुढे गेले. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ ही छोटी आगबोट बांधली, वर्षभरात माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. मे १८४१ मध्ये त्यांची लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच सुमारास मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून युरोपीय कामगार त्यांच्या हाताखाली आले. त्या काळात ही केवढी गोष्ट होती, हे सांगायला नको.

इतकं असूनही ओघ ओसरला. जहाजांना आता लाकडाऐवजी लोखंड लागू लागलं. थेम्सकाठच्या गोदीमालकांचा हिंदी जहाजांना जुना विरोध होताच. १८४८ च्या ‘मियानी’नंतर शाही नौदलाने मुंबईकडे मोठं शिडाचं युद्धजहाज मागितलं नाही. १८८० च्या दशकात वाडियांचं मास्टर बिल्डरचं पद संपलं. घराणं नाहीसं झालं नाही. ते कापडात गेलं, उद्योगात गेलं, ‘बॉम्बे डाइंग’ १८७९ मधली. पण वाकस आणि आराखडा एकाच छपराखाली ठेवणारं घर मोडलं. गोदीतल्या सुतारांना वाडियांएवढीही सही कधी मिळाली नव्हती. ते आपल्या गावी गेले असतील, किंवा होड्या बांधत राहिले असतील.

परदेशात अशी घराणी कशी टिकली हे पाहिलं, की कारण लगेच कळतं.

अमेरिकेत र्‍होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावचे हेरेशॉफ बंधू. थोरला जॉन पंधराव्या वर्षाच्या सुमारास आंधळा झाला; धाकटा नॅथॅनिएल अभियंता झाला. नॅथॅनिएल नौकेचा आकार आधी कागदावर काढत नसे. तो लाकडाचा तुकडा तासून नौकेची उभी अर्धी प्रतिकृती बनवी. जॉन तिच्यावरून बोटं फिरवून सांगे, इथे पोट जास्त आहे, इथे कमी. बोटांना पटलं, की मगच मापं उतरवली जात. या पद्धतीने बनलेल्या व्हिजिलंट, डिफेंडर, कोलंबिया, रिलायन्स आणि रिझोल्यूट या पाच नौकांनी १८९३ ते १९२० या काळात अमेरिकेचा प्रसिद्ध चषक एकदाही हातचा जाऊ दिला नाही. नॅथॅनिएलचे मुलगे रेखाकार झाले, नातूही झाला. स्कॉटलंडच्या फेअरली गावात विल्यम फाइफ या एकाच नावाचे तीन रचनाकार, आजा, मुलगा आणि नातू, पाठोपाठ होऊन गेले. अर्जेंटिनात फ्रेर्स घराण्याच्या तीन पिढ्या याच धंद्यात आहेत.

या सगळ्यांकडे हात होते, पण हातांचं काम साठवून ठेवायची जागाही होती. हेरेशॉफच्या अर्ध्या प्रतिकृती भिंतीवर टांगून ठेवलेल्या आहेत. अ‍ॅटकिनचे आराखडे सुनेने जपले. मुलाला धंदा नको असेल, तरी भिंत असते, कपाट असतं, कुणीतरी परका येऊन शिकू शकतो. आपल्याकडे मुलगा शहरात गेला, की विद्या त्याच दिवशी अर्धी होते.

आता दिवाडी.

कोरगावहून निघालं, कोलवाळच्या पुलावर शापोरा ओलांडली, अस्नोड्यावरून डिचोलीत आलं, की नार्व्याचा धक्का लागतो. तिथून फेरीने दिवाडी बेट. नार्व्याचं आणि दिवाडीचं नातं जुनं. गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर आधी दिवाडीवर होतं. पोर्तुगिजांनी ते देऊळ मोडलं आणि देव नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ज्या पाण्यावरून देव आला, त्याच पाण्याच्या काठी रत्नाकर दांडेकर यांचा ‘अ‍ॅक्वेरियस’ हा कारखाना उभा राहिला.

दांडेकरांच्या मागे पिढ्यांची गोदी नव्हती. तंतुकाचेच्या होड्या बनवणारा त्यांचा छोटा व्यवसाय होता. नौदलाचे निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा बऱ्याच वर्षांचा ध्यास होता, की एका भारतीयाने भारतातच बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. निवृत्तीनंतर आवटी सातारा जिल्ह्यातल्या विंचुर्णी गावात राहत. नदी नाही, समुद्र नाही, पण या मोहिमेचं बीज तिथल्या माळरानातून आलं. नौदलाने होकार दिला, कमांडर दिलीप दोंदे पुढे झाले, आणि नौका बांधायला दांडेकर तयार झाले.

आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाट यांच्या कार्यालयाचा, छप्पन्न फुटी ‘टोंगा’. तो कागद घेऊन दिवाडीवर जे झालं, तीच जहाजबांधणीतली सर्वांत नाजूक पायरी. कागदावरची छोटी रेघ प्रत्यक्ष मापात जमिनीवर उतरवावी लागते, तिच्यावरून साचे कापावे लागतात, साच्यांवर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवत कवच वाढवावं लागतं, आणि मग दोन्ही बाजूंनी इपॉक्सीत भिजवलेल्या तंतुकाचेचे थर चढवावे लागतात. एखाद्या साच्यात चार-सहा मिलिमीटरची चूक झाली, तरी ती कवचावर लाटेसारखी दिसते आणि पाण्यात जन्मभर जाणवते. इथे आराखडा काही मदत करत नाही. हात फिरवूनच कळतं. हेरेशॉफांच्या घरातला आंधळा भाऊ बोटांनी जे ओळखायचा, तेच दिवाडीच्या कामगारांना शिकावं लागलं.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी ही नौका नौदलाच्या हवाली झाली. नाव ‘म्हादई’. सत्तरीतून येऊन मांडवी होणाऱ्या, दिवाडीला वळसा घालणाऱ्या याच नदीचं. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंडमध्ये पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन असे चार मुक्काम करून ते १९ मे २०१० रोजी मुंबईत परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून जग फिरणारे ते पहिले भारतीय. १ नोव्हेंबर २०१२ रोजी याच म्हादईतून अभिलाष टॉमी निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. आवटी ४ नोव्हेंबर २०१८ रोजी गेले. त्यांचं स्वप्न तोवर दोनदा पूर्ण झालं होतं.

म्हादईची बहीण ‘तारिणी’ दिवाडीवरच, २०१७ मध्ये तयार झाली. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी गोव्यातून तिच्यावर निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परतल्या. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तीच नौका घेऊन गोव्यातून गेल्या आणि २९ मे २०२५ रोजी मुरगावला परतल्या. आठ महिने, दोघीजणी, केप हॉर्न. नौका चांगली बांधली आहे की नाही, याचा दाखला याहून मोठा कोणता असणार?

पण दिवाडीची खरी कसोटी याच्याही पुढची. म्हादई आणि तारिणीचा आराखडा परका होता, थुरैयाचाही परका. मग असं एक जहाज बांधायचं ठरलं, ज्याचा आराखडाच नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. तसं जहाज, खिळा न मारता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधायचं. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि दांडेकरांचीच ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात करार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात पठाण घातला गेला. शिवणकामाची सूत्रं केरळच्या बाबू शंकरन यांच्याकडे होती. दोरी कुठे ओढायची, फळी किती तापवून वाकवायची, राळ आणि माशाचं तेल किती, हे त्यांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या हातात होतं, वडिलोपार्जित. दुसरीकडे नौदलाच्या रचनाकारांनी भित्तिचित्रावरून प्रमाणं काढली आणि मद्रासच्या आयआयटीत छोट्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. चौकोनी शिडं आणि कडेला लावलेली सुकाणूची वल्ही यांचा अनुभव आज फारसा कुणाला नाही, म्हणून हे सगळं मोजून पाहावं लागलं.

हाताने येणारी विद्या आणि कागदावर मोजता येणारी विद्या पुन्हा एकदा एका छपराखाली आल्या, आणि हे घडलं डिचोलीच्या समोरच्या बेटावर. २१ मे २०२५ रोजी कारवारला हे जहाज ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून मस्कतकडे निघालं आणि जानेवारीत पोचलं. एकही खिळा न मारलेलं जहाज, अरबी समुद्र ओलांडून.

या यशाला एक बोचरी बाजूही आहे. काथ्याने शिवलेल्या होड्या म्हणजे केवळ केरळचा वारसा नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्या पिढ्यान्पिढ्या शिवल्या गेल्या आहेत, आंब्याच्या फळ्या जोडून. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ही विद्या पेडणे-बार्देशच्या वाळूवर होती, आणि तरीही एक शिवलेलं जहाज गोव्यात बांधायची वेळ आली, तेव्हा कसबी हात बाहेरून आणावे लागले. केरळच्या कारागिरांचं यात श्रेय मोठं आहे, त्याला कुणी धक्का लावू नये. प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. हरमल-मांद्र्याच्या वाळूवर आता तंतुकाचेच्या होड्या आहेत, त्या सोयीच्या आहेत, मासेमाराला त्याच परवडतात. पण लाकडाची होडी बांधणारा शेवटचा माणूस आपल्या गावात कोण होता, हे त्याच्या नातवालाही नीट सांगता येत नाही, अशी घरं याच किनाऱ्यावर आहेत.

वाडियांच्या तीनशे जहाजांची यादी आहे, हेरेशॉफच्या प्रतिकृतींची आहे, अ‍ॅटकिनच्या आराखड्यांची आहे. तेरेखोल, शापोरा आणि मांडवी या तीन नद्यांवर होड्या बांधणाऱ्यांची अशी यादी करायला फार पैसा लागत नाही. कमळेश्वराच्या गावात, केरीत, मोरजीत, नार्व्यात वाकस धरलेली म्हातारी माणसं अजून सापडतील. या दिवाळीच्या सुटीत गावी गेलात, तर त्यांच्या पडवीत तासभर बसा. त्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, होडी किती हातांची होती, कोणत्या लाकडाची, कुणासाठी बांधली आणि पठाणाचं माप कसं घेतलं, एवढं एका वहीत तारखेसह लिहून घ्या. वही गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा.

मुंबईला गोदीपुरती एक तुळई सापडली. पेडण्यात आणि डिचोलीत अशी एकही वही अजून कुणाच्या कपाटात असल्याचं ऐकिवात नाही.